बी विंग ग्रुप: इराचं सीआरचं भाषण

मेघना, ३०२: नमस्कार मंडळी. आमची इरा आठवीत वर्ग प्रतिनिधीसाठी, म्हणजे सीआरसाठी, उभी राहतेय. उद्या दोन मिनिटं भाषण, मग चिठ्ठ्या टाकून मतदान. तिने लिहिलंय ते टाकते, जरा बघाल का?

"आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या प्रिय बंधू-भगिनींनो, आज मी आपणांसमोर जे चार शब्द मांडणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती. मला स्कॉलरशिप, श्लोक पाठांतर आणि चित्रकलेत बक्षिसे मिळाली आहेत. मी निवडून आले तर गृहपाठ कमी करेन, कँटीनमध्ये पिझ्झा आणेन, शनिवारी सुट्टी मिळवून देईन..."

पुढे अजून दीड पान आहे.

नितीन, २०१: शनिवारची सुट्टी नक्की असेल तर माझंही मत इराला.

प्रमोदकाका, १०४: छान! नारायण पेठेत आपल्या ओळखीचा फ्लेक्सवाला आहे. शाळेच्या गेटवर एक लावून टाकू.

अक्षय, ४०१: काका, नको. कॉलेजच्या निवडणुकीतसुद्धा छापील पोस्टर चालत नाही. त्या निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये लागू केल्या. पोस्टर हाताने केलेलंच हवं, खर्च ५,००० रुपयांच्या आत. शाळेला ते लागू नाही, पण पुण्यात वाढदिवसांचे फ्लेक्स काय कमी आहेत?

सुलभाकाकू, १०१: मेघना, शाळेत असताना अशी भाषणं ढिगाने ऐकली गं. "चार शब्द" म्हणेपर्यंत मागचे बाक खुसुखुसु हसायला लागतात. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात. दोन मिनिटांत दीड पान कोंबायचं म्हणजे पोरगी धापा टाकत बोलणार.

आणि बक्षिसांची यादी आजीला पाठव. वर्गातल्या मुलांना ती ऐकून कौतुक वाटत नाही, हेवा वाटतो.

अक्षय, ४०१: कॉलेजात पूर्वी तसंच होतं म्हणा. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात सीआर मार्कांवरच नेमायचे. २०१६ च्या कायद्याने मतदानाची तरतूद आणली.

मेघना, ३०२: यादी काढली. पण मग आश्वासनं काय द्यायची?

सुलभाकाकू, १०१: गृहपाठ बाई ठरवतात, शनिवार शाळा ठरवते, पिझ्झ्याचं तर विचारूच नको. आठवीतली पोरं हे ओळखून असतात. सीआरच्या हातात काय असतं? सर आले नाहीत तर स्टाफरूममध्ये सांगायचं, पंखा बंद पडला तर शिपाईकाकांच्या मागे लागायचं, आजारी मुलाला वही पोचवायची. तिलाच विचार, वर्गात रोज कशाचा वैताग येतो.

मेघना, ३०२: विचारलं. म्हणे पीटीच्या तासाला गणित घेतात. आणि दुपारी खिडकीतून ऊन येतं, फळा चमकतो, मागच्यांना डावीकडचं काही दिसत नाही. मग शेजारणीच्या वहीतून उतरवायचं, आणि बोलणी बसतात हिलाच.

सुलभाकाकू, १०१: अगं, हेच तर भाषण! उन्हापासूनच सुरुवात करू दे.

मेघना, ३०२: इराने स्वतः टाइप केलंय:

"मी इरा. मागून दुसऱ्या बाकावर बसते. दुपारी तिथून फळ्याची डावी बाजू दिसत नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनाही दिसत नसणार. मी निवडून आले तर पहिल्याच आठवड्यात पडद्यासाठी अर्ज लिहीन, त्यावर तुमच्या सह्या घेईन. पीटीचा तास गणिताला गेला, तर बदली तास कधी, ते त्याच दिवशी विचारेन. मिळेलच असं नाही, पण विचारेन नक्की. बाई जे सांगतील ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहीन. उजव्या बाजूला."

नितीन, २०१: उजव्या बाजूला! 😂 इरा, आपल्या कमिटीत ये गं.

प्रमोदकाका, १०४: झकास. पण "आदरणीय व्यासपीठ" राहू द्या हो. रीत असते.

सुलभाकाकू, १०१: प्रमोदराव, वर्गात कुठलं आलंय व्यासपीठ? "बाई आणि मित्रमैत्रिणींनो" पुरे. आणि शेवटी "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" नको. उजवी बाजू म्हटलं की थांबायचं. हशा होईल, होऊ दे.

मेघना, ३०२: घड्याळ लावून वाचलं. पाऊण मिनिटातच संपतंय, काकू. उरलेल्या वेळाचं काय?

सुलभाकाकू, १०१: वर्गाला विचारू दे की, तुमची काय अडचण आहे? हातात वही-पेन्सिल घेऊन जा म्हणावं, आणि सांगतील ते तिथेच लिहून घे.