टायपिंग आणि गेमिंग दोन्हीसाठी कीबोर्ड-माऊस कोणता घ्यावा?

मंडळी, जरा मदत हवी आहे. दिवसभर टायपिंग आणि रात्री तासभर शूटिंग गेम, असा माझा वापर. जुन्या मेंब्रेन (कीखाली रबरी पडदा असलेल्या) कीबोर्डचं स्पेसबार आता दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही, म्हणून मेकॅनिकल (प्रत्येक कीखाली वेगळा स्विच असलेला) घ्यायचं ठरवलंय.

गाडी अडलीय ती स्विचवर. रेड स्विच लिनिअर असतात, म्हणजे अडथळ्याविना सरळ खाली जातात, गेमला बरे. पण मित्राच्या रेडवर टाईप करून पाहिलं तर बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटत होतं. साधारण ४५ ग्रॅम दाब आणि २ मिमी खाली गेलं की अक्षर उमटतं, त्यामुळे माझ्या जड हाताला ते फारच हलके वाटले. ब्राऊनला मध्ये हलकासा अडथळा जाणवतो म्हणतात. तो टायपिंगला खरंच उपयोगी पडतो का? ब्लू नकोच, टकटकीने घरचे मला कीबोर्डसकट बाहेर काढतील! हॉट-स्वॅप (स्विच सहज काढून बदलता येणारा) कीबोर्ड घेऊन नंतर स्विच बदलत बसणं कितपत व्यवहार्य आहे?

नंबरपॅड मला लागत नाही, त्यामुळे ८७ कीवाला चालेल. माऊसला जागाही मिळेल. देवनागरी इनस्क्रिप्टमध्ये न बघता टाईप करतो, तेव्हा कीवर मराठी अक्षरं नसली तरी हरकत नाही.

माऊसचं म्हणाल तर डीपीआयच्या (माऊसच्या संवेदनशीलतेच्या) मोठ्या आकड्यांना मी भुलत नाही, ८००च्या वर कधी गेलोच नाही. हात मोठा आहे, पूर्ण तळवा टेकवून धरतो. वायरलेस घेतला तर ब्लूटूथऐवजी यूएसबीत लावायच्या डोंगलवरच वापरेन. वजन किती असावं?

दोन्ही कामं एकाच जोडीवर करणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा.