घागर नंबर १७: तुमच्याकडे जे कमी होतं, ते कसं वाटलं जायचं?

पाऊसवेडी
काल आईचं घर आवरताना न्हाणीमागे केशरी प्लॅस्टिकची घागर सापडली. उन्हानं रंग उडालाय, गळ्याशी चीर गेलीय, पण पोटावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेला १७ अजून ठसठशीत आहे. मी तिथंच बसकण मारली.

लातूर, २०१६. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांभोवती १४४ कलम लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली. हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. मला सांगायचंय ते आमच्या गल्लीतलं.

टँकर कधी येईल त्याचा नेम नसायचा. माणसं दिवसभर कशी उभी राहणार? म्हणून घागरी उभ्या राहायच्या. प्रत्येक घराचा एक आकडा, त्या क्रमानं रांग. घरातलं माणूस कामावर गेलेलं असलं तरी त्याची घागर पुढं सरकत राहायची. शेजारचं कुणीतरी ती भरून उंबऱ्यात नेऊन ठेवायचं. एकही घागर कधी गायब झाली नाही.

पाणी, रॉकेल, धान्य, सिलिंडर, काहीही असो. तुमच्याकडे कसं वाटायचे? लिहा ना.

चाळकरी
लालबाग. मजल्यावर एक नळ, १४ बिऱ्हाडं, पाणी पहाटे ४ ते ५. बाळंतीण असेल त्या घराचा पहिला नंबर, हा नियम कुणी केला कोण जाणे. धाकटी बहीण झाली तेव्हा सव्वा महिना आमच्या बादल्या सगळ्यांच्या आधी लागायच्या आणि मी शाळेत ऐटीत सांगायचो. कुकर झाला, बाकीचं नंतर.

माऊ
रॉकेल!! निळं रॉकेल. दुकानदार हातपंप मारायचा, मापात फेस यायचा आणि फेस बसायच्या आत तो माप आमच्या कॅनमध्ये उलटं करायचा. आई म्हणायची, "भाऊ, फेस बसू द्या." मागची रांग कुरकुरायची, पण आई हलायची नाही. परत येताना हाताला जो वास लागायचा तो रात्री जेवतानाही जायचा नाही. वात कमी करून अभ्यास केलाय मी, दहावीपर्यंत.

गोदाकाठ
@माऊ अगदी! आमचं कार्ड केशरी होतं. १९९९ ला पिवळं, केशरी, पांढरं अशी तीन रंगांची कार्डं झाली ना, तेव्हा शेजारच्यांना पिवळं मिळालं आणि आम्हाला केशरी. बाबांची मिल बंद पडलेली, तरी केशरी. कागदावरचं उत्पन्न आदल्या वर्षीचं होतं. त्या एका रंगानं घरातला गहू ठरला. बाबा वर्षभर त्या खिडकीशी हेलपाटे घालत होते.

पांझराकाठ
आमच्याकडे पांझरा नदीवर फडाची पद्धत. आजोबा पाटकरी होते, म्हणून जवळून पाहिलंय. बंधाऱ्यातून पाट काढायचा आणि त्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. आता खरी गोष्ट ऐका. बहुतेक शेतकऱ्यांचा एकेक तुकडा प्रत्येक फडात असायचा. पाणी कमी असलं की एक अख्खा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तोटाही सगळ्यांच्या वाट्याला येणार. कुणा एकाचं रान वाळलं आणि दुसऱ्याचं हिरवं राहिलं, असं होत नाही. पाणी कुठं सोडायचं ते पाटकऱ्यानं बघायचं, शेतकऱ्यानं स्वतःच्या हातानं बारं फोडायचं नाही. एकदा सख्ख्या चुलत्यानं रात्री फोडलं तर आजोबांनी सकाळी सगळ्यांदेखत नाव घेतलं. वर्षभर दोघं बोलत नव्हते. घरी आजी दोघांच्या मध्ये.

सायली_पुणे
@पांझराकाठ खूप छान लिहिलंत. वेगळा धागा काढा यावर. (मुलीला क्लासला सोडलंय, गाडीत बसून वाचतेय.)

उमाटा
माझं थोडं वेगळं आहे. गावाचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे टँकर विहिरीत रिकामा करायचे. ज्याच्या हातात पोहरा त्याचं पाणी. आमच्या वस्तीच्या बाया काठापासून लांब उभ्या. वरच्या आळीतलं कुणी मोकळं झालं की वरून ओतायचं, घागरीला घागर न टेकवता. निम्मं पाणी मातीत जायचं. आजी खाली सांडलेल्यात पदर भिजवून घ्यायची, माझं तोंड पुसायला. हे १९२७ चं चवदार तळं नाही, माझ्या लहानपणीचं आहे. नंतर एका ग्रामसेवकानं विहिरीत ओतणंच बंद केलं. दारोदार टिपाड भरायचं, माणशी हिशेबानं. त्या दिवशी आजीनं टिपाडाला हळदकुंकू वाहिलं.

पाऊसवेडी
@उमाटा वाचून पोटात तुटलं. लिहिलंत, फार बरं केलंत. आमच्या रांगेचं कौतुक करताना हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

सासवडची लेक
@उमाटा 🙏 माणशी हिशेबावरून आमच्या पुरंदरचं आठवलं. ७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी नायगावला पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीवर नाही, डोक्यावर. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्याचा हक्क. आणि ऊस लावायचा नाही! आमच्या काकांना उसाचाच नाद, ते चिडायचे. "माझ्या रानात मी काय लावायचं ते सभा ठरवणार?" हो, सभाच ठरवणार, कारण पाणी सभेचं. मला आजही यापेक्षा न्यायाचं काही दिसत नाही.

गोदाकाठ
७२ म्हणजे मायलो. लाल ज्वारी. आई सांगते, भाकरी थापली की कडेनं चिरायची आणि पोरं रडायची.

माऊ
मायलोत गरम पाण्याची उकड काढायची म्हणे, तरच थापता यायची. आणि सुकडी! कुणाला आठवते का?

गोदाकाठ
आई खडी फोडायला जायची तिथं मिळायची. ती निम्मी पदरात बांधून आणायची, मामांसाठी.

हिशेबनीस
खडी फोडण्यावरून एक सांगू का. तेव्हाच्या दुष्काळी कामांतून रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७७ ला कायदा झाला. पैसा कुठून आणायचा? शहरातल्या पगारदारांवर १९७५ ला व्यवसाय कर बसवला, तो त्यासाठीच. आपल्या स्लिपवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, तोच कर. ३० वर्षं पगारपत्रकं केली मी. नवीन मुलं विचारायची, "काका, हे पीटी कसलं?" मी प्रत्येकाला बसवून सांगायचो की माळरानावर हातोडा घेऊन बसलेल्या बाईची मजुरी आहे ती.

केपकर
इथे केपटाऊनला २०१८ मध्ये माणशी दिवसाला ५० लिटर. नळ बंद होण्याच्या दिवसाला 'डे झीरो' नाव दिलं होतं. अंघोळ दोन मिनिटं, पायाशी बादली, तेच पाणी संडासला. ऑफिसातले लोक हवालदिल झालेले. मी सोलापूरची, मला बादलीत अंघोळ करायला कुणी शिकवायची गरज नव्हती. शेजारच्या आजीबाईंना तांब्या आणून दिला, अजून वापरतात. पण झोपडवस्तीतले लोक आधीपासूनच सार्वजनिक नळावर रांग लावत होते, त्यांच्या रांगेला तोवर कुणी असं नाव दिलं नव्हतं.

चाळकरी
आलो परत. @केपकर तांब्या कुठला पाठवलात, पितळी का? 😊 आईला हवाय तसा, हल्ली जड मिळत नाहीत.

केपकर
स्टीलचा हो! पितळी सोलापुरात मिळतील, कुंभारवेशीत बघा.

सायली_पुणे
@पाऊसवेडी, १७ म्हणजे तुमचं घर शेवटचं का? मग पाणी पुरायचं?

पाऊसवेडी
@सायली_पुणे १९ घरं होती. दर रविवारी रांग उलटी व्हायची, १९ पासून १ कडे. त्यामुळे एक आठवडा आम्ही तिसरे, एक आठवडा सतरावे.

आत्ता आईला फोन करून विचारलं, आकडे कुणी रंगवले होते? म्हणाली, कोपऱ्यावरच्या पेंटरनं. त्यानं पैसे घेतले नाहीत. मग त्या टँकरला प्रत्येक घरानं आपल्या घागरीतला एकेक तांब्या त्याच्या घागरीत ओतला. १९ तांबे. ब्रश धुवायला, आई म्हणाली.