पोराचं कोपर मोडलं, उद्या तारा टाकायच्या म्हणतात. नागपूरकरांनो, सांगा जरा

मनीषनगरची_आई
पोरगा 6 वर्षांचा, आज संध्याकाळी घसरगुंडीवरून हातावर पडला. एक्सरेत सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर (कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडणं), टाइप 3 निघालं. धंतोलीतले डॉक्टर म्हणतात सकाळी भूल देऊन तारा टाकू. तोवर स्लॅब (अर्धं प्लास्टर) बांधून घरी पाठवलंय. सासूबाई म्हणून राहिल्या की हाडवैद्याकडे न्या, एवढ्याशा लेकराची कापाकापी काहून? कोणाच्या पोराचं झालंय का हे? दुसरं ओपिनियन घेऊ का?

त्रिमूर्तीनगर_बाबा
ताई, माझ्या पोरीचं मागच्या उन्हाळ्यात हेच झालं. कापाकापी नाहीच झाली जी, सी-आर्मवर (ऑपरेशनमधल्या एक्सरे मशीनवर) बघत हाड ओढून जागेवर बसवलं आणि कातडीतूनच दोन के-वायर, म्हणजे स्टीलच्या बारीक तारा टाकल्या, टाका एकही नाही. तारांची टोकं बाहेर वाकवून ठेवतात, पहिल्या ड्रेसिंगला ती पाहून मीच मटकन बाकावर बसलो, पोट्टी मस्त संत्राबर्फी खात होती. चौथ्या आठवड्यात ओपीडीतच पकडीनं काढल्या.

ऑर्थो_रेसिडेंट
टाइप 3 म्हणजे तुकडे पूर्ण सुटलेले, नुसत्या प्लास्टरमध्ये ते जागेवर राहत नाहीत, वाकडं जुळलं तर कोपर बाहेरून बंदुकीच्या दस्त्यासारखं दिसतं. आणि समोरूनच मोठी रक्तवाहिनी आणि नस जाते, म्हणून हाडवैद्याकडे अजिबात नको. ताणून घट्ट पट्टी बांधली आणि रक्त अडलं तर स्नायू मरतात, हात कायमचा आखडतो. ओपिनियन घ्यायचंच तर आज रात्रीच मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एक्सरे दाखवा, पण त्यात दोन दिवस घालवू नका. रात्री बोटं बघत राहा. गार किंवा पांढरी पडली, औषध देऊनही दुखणं वाढत गेलं, बोट सरळ केलं की किंचाळला, तर सकाळची वाट न बघता निघा. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटानं ओकेचा गोल करायला सांगा, नाही जमला तर डॉक्टरांना सांगा, नस दुखावलेली असू शकते. ती बहुतेकदा आपोआप सुधरते.

वर्धा_रोड_मावशी
भाच्याला आतल्या बाजूनंही तार टाकली होती तर करंगळी तीन महिने बधिर, आम्हाला आधी कोणी सांगितलंच नाही. विचारून घ्या बाई.

ऑर्थो_रेसिडेंट
बरोबर, तिथं कोपरामागून करंगळीकडे जाणारी अल्नर नस असते. बऱ्याचदा बाहेरून दोन-तीन तारांत भागतं, पण काही फ्रॅक्चरला आतली लागतेच, मग छोटा छेद देऊन नस सांभाळून टाकतात.

त्रिमूर्तीनगर_बाबा
आणि तारा निघाल्यावर मालिश नको हं! आमच्या आईनं तिळाचं तेल घेतलं होतं हातात, डॉक्टर जाम रागावले, जबरदस्तीनं चोळलं-ताणलं तर कोपर अजून आखडतं म्हणे. पोरगी खेळता खेळता स्वतःच हात सरळ करायला लागली, दोनेक महिने लागले.

मनीषनगरची_आई
बोटं गरम आहेत, गोल पण केला त्यानं. सासूबाईंना वाचून दाखवलं, गप्प बसल्या. पण स्लॅबवर शर्ट कसा घालू?

वर्धा_रोड_मावशी
बापाचं बनियन घाल, मोडका हात आधी.