पालेर्मो: गाडी विमानतळावरच घ्यावी की शहर बघून झाल्यावर?

फोंडेकर

ऑक्टोबरात सिसिलीला जातोय, मुक्काम पालेर्मोत. आम्ही दोघं, आई आणि सात वर्षांची मुलगी. शहर बघायचंच, शिवाय मोन्रेआले, चेफालू, सेजेस्ता आणि एरिचे. उतरल्या उतरल्या विमानतळावरून गाडी घ्यावी आणि शेवटपर्यंत ठेवावी असा विचार आहे. गोव्यात रोज चालवतो, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी नाही. इंटरनॅशनल परमिट फोंड्यातच मिळतं का? डिपॉझिटला फॉरेक्स कार्ड चालेल का? आणि कॅमेऱ्यांच्या दंडाबद्दल जे कानावर येतं ते कितपत खरं?

मांडवीकाठ

शेवटपर्यंत ठेवू नका. पालेर्मोत गाडी म्हणजे गळ्यात धोंड. क्वात्रो कांती, बाल्लारो बाजार, कॅथेड्रल, राजा रॉजर दुसऱ्याचं प्रार्थनामंदिर कापेल्ला पालातिना हे सगळं पायी होतं, आणि जुन्या शहराचा मोठा भाग नेमका झेडटीएलमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी असलेल्या भागात येतो. म्हणजे तिथे गाडी रोज पार्किंगचं भाडं खात उभी राहणार.

मोन्रेआले डोंगरावर, शहरापासून आठेक किलोमीटर. राजवाड्याशेजारच्या पियाझ्झा इंदिपेंदेन्झावरून ३८९ नंबरची बस जाते. चेफालूला रेल्वे, साधारण तासाभरात. पालेर्मोतल्या अरब-नॉर्मन वास्तू आणि मोन्रेआले-चेफालूची कॅथेड्रल्स मिळून २०१५ साली युनेस्कोच्या यादीत गेली. त्यातलं काहीच बघायला गाडी लागत नाही.

गाडी लागते ती पश्चिमेला. नकाशा उघडून बघा: विमानतळ शहराच्या पश्चिमेला सुमारे ३५ किलोमीटरवर आहे, आणि तिथून पुढे जाणारा ए२९ हायवे हाच सेजेस्ता-त्रापानीचा रस्ता. शहर संपवा, सामान घेऊन ट्रेनने विमानतळावर या, गाडी तिथे घ्या आणि थेट सेजेस्ता गाठा. एरिचे-त्रापानीकडे दोन रात्री काढून परतीच्या विमानाआधी तिथेच परत करा. पालेर्मोत एक मीटरही चालवावं लागत नाही.

डिचोलीचा ड्रायव्हर

वरच्याशी सहमत, एक पुस्ती जोडतो. विमानतळावरचं भाडं शहरातल्या शाखेपेक्षा थोडं चढं असतं, म्हणून बरेच जण शहरातून घेतात. पण शहरातल्या शाखा दुपारी बंद असतात, रविवारी तर बऱ्याच उघडतच नाहीत, आणि गाडी घेतल्या क्षणी व्हियाले रेजोने सिचिलियाना नावाचा रिंग रोड समोर येतो. त्याला मधल्या वेगळ्या आणि बाजूच्या वेगळ्या लेन आहेत. फाट्याच्या आधीच बाजूच्या लेनमध्ये शिरला नाहीत तर फाटा गेला. उजवीकडून चालवायच्या पहिल्याच तासाला हे नकोच.

साळ नदी

कागदांचं सांगतो, कारण काउंटरवर माणसं इथेच अडकतात.

परमिट: लायसनच्या सरकारी सारथी पोर्टलवर फॉर्म ४ए, फी १००० रुपये. तुमच्या पत्त्याच्या हद्दीतलं वाहतूक खात्याचं कार्यालय देतं, पणजीला धावायला नको. पासपोर्ट आणि तिकीट जोडा. २०२१च्या नियमबदलापासून व्हिसाची अट राहिलेली नाही, तेव्हा शेंगेनच्या शिक्क्याची वाट बघत बसू नका. मुदत एक वर्ष, पण मूळ लायसन आधी संपत असेल तर तिथपर्यंतच. नुसतं परमिट दाखवून काही होत नाही. सोबत मूळ लायसनचं कार्ड हवंच, डिजिलॉकर तिथे चालत नाही.

डिपॉझिट: फॉरेक्स कार्ड विसरा. ते प्रीपेड असतं, त्यावर रक्कम रोखून ठेवता येत नाही, म्हणून बहुतेक काउंटर नाही म्हणतात. क्रेडिट कार्डच लागतं, आणि तेही जो चालवणार त्याच्याच नावाचं. लायसनवर वडिलांचं नाव मधे आणि कार्डावर नाही, असला फरक आत्ताच तपासा. हजार-दीड हजार युरो सहज रोखले जातात, तेवढी लिमिट मोकळी ठेवा आणि बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा.

विमा: मूळ भाड्यातल्या विम्यात ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान तुमच्या डोक्यावर असतं. टायर, काच, गाडीचा तळ बहुधा वगळलेले. बाहेरच्या कंपनीचा स्वस्त विमा घेतलात तर तो नंतर भरपाई देतो. काउंटरवरचं डिपॉझिट मात्र त्याने कमी होत नाही. चारही रिम, बंपरचे खालचे कोपरे आणि समोरच्या काचेचा व्हिडिओ चावी हातात येताच काढा. आपल्याकडे गोव्यात काळ्या पाटीची भाड्याची गाडी घेताना दोन फोटो काढून निघतो, तेवढ्यावर इथे भागत नाही.

मांडवीकाठ

दंडाचं ऐकता ते खरंच आहे. झेडटीएलच्या तोंडाशी लाल कडेची पांढरी गोल पाटी आणि वर कॅमेरा असतो. बऱ्याच ठिकाणी दिव्यांची पाटीही असते: «वार्को आत्तीवो» म्हणजे बंदी चालू, «नॉन आत्तीवो» म्हणजे आत जाता येतं. उलटं समजून माणसं घुसतात. प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा, ऐंशी युरोंच्या पुढे. परदेशी पत्त्यावर नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवस असतात. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरलात तर ३० टक्के सूट. शिवाय तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीवाले तीस ते साठ युरो वेगळे कापतात, ते दंडात धरलेले नसतात. मॅप्सवर विसंबू नका. एरिचेतही गाडी वेशीबाहेर, पोर्ता त्रापानीपाशी लावा. आतला दगडी रस्ता घासून गुळगुळीत झालेला आहे, पावसात आईंचा हात धरा. त्रापानीहून रोपवे आहे, पण जोराचा वारा सुटला की तो बंद.

फोंडेकर

मग सेजेस्ता-एरिचेपुरतीच घेतो. ऑटोमॅटिक घ्यावी का? आणि फियाट पांडा स्वस्त दिसतेय, दोन मोठ्या बॅगा बसतील?

डिचोलीचा ड्रायव्हर

बसणार नाहीत. पांडाची डिकी २२५ लिटरची, एक मोठी बॅग आणि वर एक केबिन बॅग, बस्स. चौघांना एक वर्ग वरची हॅचबॅक लागेल, ३५० लिटरच्या पुढची. त्याहून मोठी मात्र नको, गावातल्या गल्ल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराइतक्याच मोकळ्या आहेत.

ऑटोमॅटिक घ्याच, पण आत्ताच बुक करा. थोड्याच असतात आणि महाग असतात. एरिचेचा घाट साडेसातशे मीटर चढतो, तिथे उजव्या हाताने गिअर शोधत बसू नये. मारुतीची सवय असेल तर पहिल्या दिवशी इंडिकेटरऐवजी वायपर लागणार, कारण इंडिकेटरची दांडी डावीकडे. राउंडअबाउटला डावीकडे बघा, आतल्याला आधी जाऊ द्या, आणि उजवीकडे वळून शिरा. हायवेच्या पाट्या हिरव्या, इतर मोठ्या रस्त्यांच्या निळ्या. ए२९ला टोल नाही. वेग १३०, पावसात ११०. गावाबाहेर दिवसाही हेडलाइट चालू ठेवावे लागतात.

मुलीची उंची दीड मीटरच्या आत असेल तर बूस्टर सक्तीचा. बुकिंगमध्येच मागा, काउंटरवर मिळेलच असं नाही.

पार्किंगला पांढरी रेघ फुकट, निळी पैशांची, पिवळी राखीव. निळ्या रेघेत तिकीट मशीनचंच घ्या. शिवाय कोणी हात करून जागा दाखवेल आणि पैसे मागेल, तो पालिकेचा माणूस नसतो.

इंधन भरताना झाकणाच्या आत बघा. गोलात ई५ किंवा ई१० म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी७ म्हणजे डिझेल. पंपावर «गाझोलिओ» लिहिलेलं डिझेल असतं, पेट्रोल «बेंझिना». «सेल्फ» म्हणजे स्वतः भरायचं, त्याचा दर «सेर्वितो»पेक्षा, म्हणजे पंपावरच्या माणसाने भरून देण्यापेक्षा, कमी. सेल्फ मशीन कार्डावर आधी मोठी रक्कम रोखतं आणि भरलं तेवढंच घेतं. नोट घातलीत तर सुटे परत येत नाहीत.

टाकी फुल करून परत द्या, पावती आणि इंधनाच्या काट्याचा फोटो ठेवा. कार्यालय उघडं असतानाच द्या आणि नुकसान नाही असं तिथल्या माणसाकडून लिहून घ्या. रात्री चावी पेटीत टाकून गेलात तर पाहणी तुमच्या पाठीमागे होते. डिपॉझिट सुटायला बँकेप्रमाणे आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर त्याच कार्डावर दुसरा मोठा खर्च टाकू नका.