पाड्यावरचे हक्कांचे वर्ग: दुसऱ्यांदा लोक येत नाहीत, आखणी कशी बदलावी?

अक्राणीकर
राम राम मंडळी. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागातल्या पाड्यांवर आम्ही कॉलेजची मुलं-मुली मानवी हक्कांचे वर्ग घेतो. सगळं स्वयंसेवी. आधी मूलभूत हक्क, मग १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा, या क्रमाने. पहिल्या वेळी गर्दी होते, नंतर चार म्हातारी माणसं उरतात. कोणता विषय आधी घ्यावा? आणि ऊसतोडीला गेलेल्यांचं काय?

तापीकाठ
भाऊ, कायद्याच्या क्रमाने नको, घरातल्या कागदांच्या क्रमाने जा. पहिला वर्ग रेशनचा घ्या. निरोप एवढाच द्या: कार्ड आणि मागच्या महिन्याची मशीनची पावती घेऊन या.

वर्गात प्रत्येकाकडून तीन आकडे काढायचे. कार्डावर नावं किती, पावतीवर किलो किती, पिशवीत आलं किती. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला घरात माणसं कितीही असोत ३५ किलो. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा इथून कळायला लागतो. प्राधान्य कार्डावर ७ नावं आणि पावतीवर २५ किलो दिसले, की दोघांचं धान्य कुठे गेलं हे बाई स्वतःच विचारते. बहुतेकदा ई-केवायसी (आधारची पडताळणी) राहिलेली असते. त्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज. पावती ३५ ची आणि पिशवीत ३० असेल, तर ते दुकानाचं काम. लेखी तक्रार करायची, जोडीला १९६७ वर फोन. पावतीच देत नसतील तर तक्रार तिथूनच सुरू होते.

अर्ज दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. तक्रार एकट्याच्या नावावर टाकू नका, गावात त्याच्यावरच दबाव येतो. दहा-पंधरा जणांची नावं असू द्या. अंगठा घेण्याआधी अर्ज मोठ्याने वाचून दाखवा, ‘नि. डा. अं.’ (निशाणी डावा अंगठा) च्या बाजूला पूर्ण नाव लिहा. मूळ कागद कधीच स्वतःकडे ठेवू नका आणि आधार कार्डाचे फोटो ग्रुपवर टाकू नका. यात मात्र अजिबात ढिलाई नको.

शहाद्याची ताई
वेळ आणि भाषा, दोन्ही तपासा. अहिराणी खाली तापीच्या पट्ट्यात चालते. पावरा पाड्यावर पावरीच लागते, म्हणून बोलणारा त्याच पाड्याचा हवा आणि तुम्ही नोंदवही धरा. पंधरा-वीस जण, गोल बसून, तासभर. बायकांचा वर्ग दुपारी वेगळा घ्या. मिश्र बैठकीत मजुरी आणि मारहाण हे विषय निघतच नाहीत. पेरणीच्या दिवसांत वर्ग बंदच ठेवा.

ऊसतोडवाले होळीला घरी येतात, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास पाडे भरलेले असतात. तेव्हा गाठा. गुजरातेत कामावर असतानाही त्याच कार्डावर तिथल्या दुकानातून धान्य उचलता येतं, हे जायच्या आधीच सांगून ठेवा. मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) कामगाराच्या वहीत तारखेसह लिहायला शिकवा. हिशेबाचं भांडण नेमकं तिथे होतं.

वनहक्क
तुमच्याकडे दुसरा विषय जमिनीचाच निघणार. २००६ च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक दावा नमुना ‘अ’ मध्ये. जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात हवी, मर्यादा ४ हेक्टर. किमान दोन पुरावे लागतात, आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावाच आहे. तो बाजूला सारून फक्त उपग्रह नकाशावर दावा फेटाळणं चुकीचं. फेटाळल्याचं कारण लेखी मागा. उपविभागीय समितीने फेटाळलं तर जिल्हा समितीकडे अपिलाला ६० दिवस मिळतात. ‘साहेब नाही म्हणाले’ एवढ्यावर लोक थांबतात आणि मुदत निघून जाते. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कब्जातून काढता येत नाही, हे वाक्य पाड्यावर सगळ्यांच्या तोंडी हवं.

वर्ग सुरू करण्याआधी तालुका विधी सेवा समितीत जाऊन या. आदिवासींना आणि सगळ्या महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. लोकांना तक्रारीपर्यंत नेऊन मग एकटं सोडणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

अक्राणीकर
आभारी आहे. पोच द्यायलाच नकार दिला तर?

तापीकाठ
वाद घालू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती प्रतीला टाचून ठेवा. महिन्याने माहिती अधिकारात ‘या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारा: एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराने दाखला जोडला तर तेही नाहीत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयात पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. या तारखा नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहा.