नववीच्या वर्गातला खर्रा: मुलाला शाळेबाहेर काढावं का?

गणिताचा मास्तर, यवतमाळ जिल्हा
गावच्या हायस्कुलात नववी-दहावीला शिकवतो. परवा तास चालू असताना शेवटच्या बाकावरचा मुलगा बाकाखाली पन्नीत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटत होता. विचारलं तर म्हणे, "सर, बाबासाठी आहे." सगळा वर्ग हसला आणि तास तिथंच संपला. छडी मला परत नको. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आठवीपर्यंत मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद करतं. नववीत पोर मोठं झालं म्हणून ते मारण्याजोगं होत नाही. पण छडीच्या जागी आमच्या हाती काय दिलं? पालकांना बोलावलं तर वेचणीच्या दिवसांत कोणी येत नाही. माझं स्पष्ट मत आहे, वारंवार असं करणाऱ्याला आठ दिवस घरी पाठवायची मुभा शाळेला हवी. बाकीच्या पोरांच्या तासाला काही किंमत आहे की नाही?

कास्तकार पालक
सर, आठ दिवस घरी म्हंजे आठ दिवस वावरात. हातात मजुरीचे पैसे आले का पोरगा वापस शाळेत येईन याचा भरवसा नाही. अन् खर्रा येते कुठून? शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकाले २००३ च्या कायद्यानं बंदी हाये. आमच्या शाळेच्या फाटकाले लागून पानठेला हाये. पोराले धरता, ठेलेवाल्याले काऊन नाही धरत?

माजी विद्यार्थी, भरतीची तयारी
मी सरांच्याही पुढं जाऊन सांगतो, मारानंच आम्ही सुधरलो. आता रागावलं तरी पोट्टे मोबाईल काढून व्हिडिओ करतात. धाक नसेल तर शिकवणं होत नाही.

कास्तकार पालक
भाऊ, तू टिकला म्हणून सांगून रायला. मार खाऊन ज्यानं सातवीतच शाळा सोडली, तो इथं लिहाले येणार नाही.

मराठीची मॅडम, तासिका तत्त्वावर
धाकाचं मला पटत नाही, आणि घरी पाठवण्याचं तर अजिबात नाही. माझ्या नववीतल्या सगळ्यात दंगेखोर मुलाला मी एकट्याला धडा वाचायला दिला. जोडाक्षर आलं की तो थांबायचा, पुढचा शब्द अंदाजानं म्हणायचा. वर्गात वाचायची पाळी आली की तो मुद्दाम दंगा करायचा, म्हणजे बाहेर काढलं जाईल आणि लाज झाकली जाईल. आम्ही फळ्यावर गाईडातली उत्तरं लिहितो, पोरं उतरवतात. ज्याला वाचताच येत नाही त्यानं तो पाऊण तास करायचं काय? आता परिपाठाआधी पंधरा मिनिटं त्याला पाचवीचं पुस्तक वाचायला देते, दार लावून. दंगा थांबला नाही, पण कमी झाला. आणि शेवटच्या तासाला दप्तर भरणं हा बेशिस्तपणा नव्हे. साडेचारची एसटी चुकली की त्या मुली अंधारात पायी जातात. ते वेळापत्रकानं सोडवा.

गणिताचा मास्तर
एसटीचं मान्य. वाचनाचंही खरं आहे. पण मॅडम, तुम्ही एकाला घेता. माझ्या वर्गात असे दहा आहेत, आणि निवडणुकीचं काम लागलं की मीच शाळेत नसतो. घरी नको तर शाळेतच वेगळ्या खोलीत बसवू, पण तिथं बसायला शिक्षक द्या. रिकाम्या जागा भरल्याशिवाय हे सगळं एकाच माणसाच्या अंगावर येतं. काका, ठेल्याचा अर्ज मी लिहितो. सही पालकांची लागेल. ग्रामपंचायतीत सोबत याल काय?

कास्तकार पालक
येतो. पण पोराले घरी पाठवाची गोष्ट त्या अर्जात नको.