पगारी माणूस एकच परवडत असेल, तर त्याने माहिती गोळा करावी की समितीत बसावं?

खर्ज
छोट्या जागांवर गाणारे, वाजवणारे, साथ करणारे, ध्वनी-प्रकाश सांभाळणारे यांच्या संघटनेकडे वर्गणीतून एकच पगारी माणूस ठेवण्याइतका पैसा आहे असं धरा. त्याने मानधन, करार आणि थकबाकीची माहिती जमवायची, की नियम ठरवणाऱ्या समित्यांच्या मागे लागायचं? माझं मत: पहिली दोन वर्षं निव्वळ माहिती.

बोली करताना जागेच्या मालकाला पन्नास जणांचे दर ठाऊक असतात, कलाकाराला फक्त स्वतःचा. पण नुसतं 'तिथे इतके मिळाले' याला काडीची किंमत नाही. आकड्याशेजारी हे रकाने हवेतच: संच किती जणांचा, वादन किती मिनिटांचं, साउंडचेकपासून सामान आवरेपर्यंत एकूण तास, तालमी किती, प्रवासखर्च कुणाकडे, पीए (ध्वनियंत्रणा) कुणाचा, चित्रीकरणाचा हक्क दिला का, पैसे द्यायची ठरलेली तारीख आणि प्रत्यक्ष हाती आल्याची तारीख.

हिशोब करून बघा. चौघांचं दीड तासाचं वादन म्हणजे 6 माणूस-तास. जागेवर सात तास गेले आणि दोन-दोन तासांच्या दोन तालमी झाल्या, की तेच 44 होतात. ताशी दर एका फटक्यात सातव्या हिश्श्याच्याही खाली, आणि यात प्रवास धरलेलाच नाही. हा आकडा हातात नसलेला प्रतिनिधी समितीत जाऊन 'कलाकारांचे हाल आहेत' एवढंच म्हणू शकतो. ते सगळेच म्हणतात.

कलम_चौथं
साफ असहमत. स्वतंत्र व्यावसायिकांनी एकत्र येऊन दर बांधले की स्पर्धा कायदा त्याला संगनमत म्हणू शकतो. नेदरलँड्समध्ये ऑर्केस्ट्रातल्या बदली वादकांसाठी सामूहिक करार होता आणि त्यात स्वयंरोजगारी वादकांचंही किमान मानधन ठरलेलं होतं. तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने आक्षेप घेतला, करार गुंडाळला गेला. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात पोचलं. 2014 चा निकाल असा की खऱ्या स्वयंरोजगाऱ्यांना सूट नाही. कागदावर स्वतंत्र पण प्रत्यक्षात नोकरासारखं राबणारा असेल, तरच आहे.

वाट मोकळी झाली ती कायदा बदलून. आयर्लंडने 2017 मध्ये दुरुस्ती करून सेशन वादक (रेकॉर्डिंगपुरते बोलावले जाणारे), व्हॉइसओव्हर करणारे नट आणि मुक्त पत्रकार यांना सामूहिक वाटाघाटीची मुभा दिली. युरोपीय आयोगाने 2022 मध्ये एकट्याने काम करणाऱ्या स्वयंरोजगाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तुमच्या तक्त्याने यातलं काय झालं असतं?

लेखाजोखा
दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय. 'यापुढे या दराखाली कुणी वाजवायचं नाही' हा ठराव, आणि 'गेल्या हंगामात प्रत्यक्षात इतकं मिळालं' ही नोंद. धोका मुख्यतः पहिल्यात. दुसरीही निष्काळजीपणे केली तर अंगाशी येते, म्हणून पद्धत महत्त्वाची.

दरांची माहिती जमवली तरी संगनमताची कारवाई होऊ नये यासाठी अमेरिकेत आरोग्यक्षेत्रापुरता एक ठोकताळा होता: माहिती त्रयस्थाने जमवायची, ती निदान तीन महिने जुनी हवी, प्रत्येक प्रसिद्ध आकड्यामागे किमान पाच जण हवेत आणि त्यात कुणा एकाचा वाटा 25 टक्क्यांहून जास्त नको. न्याय विभागाने 2023 मध्ये ती सवलत मागे घेतली, त्यामुळे ढाल म्हणून ती पुढे करू नका. शिस्त म्हणून मात्र पाळण्यासारखी आहे. पाचाचा नियम तर गोपनीयतेसाठीही हवाच. एखाद्या शैलीत तीनच बास वादक असतील तर नाव झाकूनही कोण ते सगळ्यांना कळतं. असा रकाना शेजारच्या गटात मिसळा किंवा रिकामा सोडा. आणि सरासरीऐवजी मध्यक द्या, कारण कंपनीचा एक बडा कार्यक्रम सरासरी फुगवून ठेवतो.

थकबाकीदारांची 'काळी यादी' हा प्रकार मात्र टाळाच. विशेषणं आली की अब्रुनुकसानीची नोटीस येते. ठरलेली रक्कम, ठरलेली तारीख, मिळालेली रक्कम, मिळाल्याची तारीख, एवढंच लिहा. त्याला करार किंवा लेखी संदेशाचा पुरावा जोडून घ्या आणि छापण्याआधी समोरच्याला उत्तरासाठी चौदा दिवस द्या. निम्म्या थकबाक्या त्या चौदा दिवसांतच मिटतील असा माझा अंदाज आहे.

फेडर_खाली
मिक्सरमागचा माणूस मोजला जाणार आहे का, की 'संगीतकर्मी' म्हणजे फक्त मंचावर दिसतो तो? बहुतेक सर्वेक्षणांत 'तुमचं वाद्य कोणतं' हा दुसराच प्रश्न असतो. तंत्रज्ञ तिथूनच बाहेर पडतो.

फ्रान्सच्या बेकारी विम्यात मंचीय कलाकारांसाठी परिशिष्ट 10 आहे, तंत्रज्ञांसाठी 8. दोघांनाही बारा महिन्यांत 507 तास भरावे लागतात, पण कलाकाराचा ठोक मानधनाचा एक प्रयोग 12 तासांचा धरतात, म्हणजे 43 प्रयोगांत काम होतं. तंत्रज्ञाचे प्रत्यक्ष तास मोजतात. काम वेगळं म्हणून मोजणी वेगळी. हा फरक मसुदा लिहिताना टेबलाशी बसलेल्या माणसालाच मांडता येतो. म्हणून माझं मत कलम_चौथं यांच्या बाजूने.

खर्ज
@फेडर_खाली, पण 507 मोजणार कशावरून? तासांची नोंद ठेवायची सवयच नसेल तर ती योजना उद्या लागू झाली तरी आपली माणसं अपात्र ठरतील. हेच माझं म्हणणं.

तिहाई
दर आणि तास यांच्या नादात नोंदणीचा मुद्दा राहतोय. ओळख क्रमांक तीन: रेकॉर्डिंगला आयएसआरसी, रचनेला आयएसडब्ल्यूसी, रचनाकाराला आयपीआय. तिन्ही वेगळे आहेत, आणि गायकाने आयएसआरसी घेतला म्हणजे गीतकाराची नोंद झाली असं होत नाही. स्टुडिओ सोडण्यापूर्वी एका कागदावर सगळ्यांची कायदेशीर नावं, वाटा टक्क्यांत, बेरीज बरोबर 100, आणि सह्या. हे न केल्याने पैसा अडकतो. अमेरिकेत 2021 मध्ये डिजिटल सेवांनी जवळपास 42.4 कोटी डॉलर इतकी, धनी न जुळलेली जुनी रॉयल्टी तिथल्या नव्या वसुली संस्थेकडे वर्ग केली. ही माहितीचीच उणीव.

कलम_चौथं
आणि त्यातलं तळातल्या माणसाच्या वाट्याला किती येणार? स्पॉटिफायने 2024 पासून बारा महिन्यांत 1000 पेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा मोबदला देणंच बंद केलं. तुमचा टक्क्यांचा कागद बिनचूक असला तरी शून्याचे टक्के शून्यच. ती 1000 ची रेघ कुणी ओढली, आणि त्या वेळी या वर्गातर्फे तिथे कोण होतं? शिवाय ती जुनी रक्कम गोळा झाली तीही 2018 च्या कायद्याने ती संस्था उभी राहिली म्हणून. कायदा आधी, कागद नंतर.

तिहाई
कायद्याने संस्था उभी राहिली, मान्य. पण तिच्याकडे दावा लावायला तोच कागद लागतो.

खर्ज
कलम_चौथं यांनी धोरणाच्या बाजूची चांगली उदाहरणं दिली, म्हणून त्याच बाजूचं एक मीही देतो. मेलबर्नमध्ये मद्यपरवान्याच्या अटींनुसार संगीत असलेली जागा म्हणजे 'जास्त जोखीम', मग सुरक्षारक्षक सक्तीचे असायचे. मोजके श्रोते असलेल्या जागेलाही तो खर्च. 2010 च्या जानेवारीत तिथली टोट ही जुनी जागा बंद पडली, फेब्रुवारीत मोठा मोर्चा निघाला आणि मग अटी सैल झाल्या. 2014 मध्ये व्हिक्टोरिया राज्याने नियोजनाच्या नियमांत 'बदल करणाऱ्याची जबाबदारी' हे तत्त्व आणलं: संगीताच्या जागेपासून 50 मीटरच्या आत नवी घरं बांधली तर आवाज अडवण्याचा खर्च बांधणाऱ्याने करायचा.

आता मला सांगा, संगीत असलेल्या जागांवर खरंच जास्त मारामाऱ्या होतात का, या प्रश्नाला आकड्यांशिवाय काय उत्तर देणार होता?

कलम_चौथं
त्याच उदाहरणात रस्त्यावर आधी माणसं उतरली, हेही लक्षात घ्या. लंडनच्या पोलिसांचा 696 क्रमांकाचा अर्ज आठवा, संगीत कार्यक्रमाची जोखीम ठरवण्यासाठी आयोजकांकडून भरून घेतला जाणारा. सुरुवातीच्या नमुन्यात संगीताचा प्रकार आणि प्रेक्षकांचा वांशिक गट विचारलेला असायचा. टीकेनंतर ते प्रश्न गेले, तरी अर्ज 2017 पर्यंत चालूच राहिला. अन्याय कुणाला माहीत नव्हता असं नाही. दबाव पुरेसा नव्हता.

लेखाजोखा
प्रतिनिधी पाठवायचाच असेल तर निदान हे करा. बैठकीआधी सभासदांकडून लेखी मतादेश घ्या: कोणत्या तीन मुद्द्यांवर हटायचं नाही, कोणत्यावर तडजोड चालेल. मुदत एक वर्ष, सोबत एक पर्यायी प्रतिनिधी, आणि दोघांपैकी एक तंत्रज्ञ. इतिवृत्त 48 तासांत सगळ्यांना. बैठकीचा भत्ता नसेल तर बुडालेल्या कामाचे पैसे संघटनेने द्यायचे. नाहीतर ज्यांना काम बुडवणं परवडतं तेच जातात आणि तळातल्यांच्या नावाने नामवंतच बोलत राहतात. हे सगळीकडे होतं.

हरकती-सूचनांसाठी सहसा थोडेच आठवडे मिळतात. त्या अवधीत सर्वेक्षण सुरू करून काही हाती लागत नाही. आकडे आधीपासून तयार हवेत, म्हणून माझं झुकतं माप खर्ज यांच्याकडे. दोन वर्षं मात्र फार. एका हंगामाच्या नोंदी पुरतात.

फेडर_खाली
एका हंगामात ध्वनीवाल्यांच्या पाच नोंदी तरी भरतील का? नाही भरल्या तर तुमच्याच नियमाने आमचा रकाना रिकामा.

लेखाजोखा
मग अर्जातला दुसरा प्रश्न बदला: 'वाद्य कोणतं' ऐवजी 'कार्यक्रमात तुमचं काम कोणतं'. आणि पहिल्या हंगामात ध्वनी, प्रकाश आणि सामान वाहणारे यांचा एकच गट ठेवा. नोंदी वाढल्या की फोडा.

फेडर_खाली
सामान वाहणाऱ्याचा आणि ध्वनीवाल्याचा दर एका मध्यकात? तो आकडा उद्या आयोजक आमच्याच तोंडावर फेकेल. त्यापेक्षा रिकामा बरा.